माती राखण्याचे भाडे : अमेरिकेतील एका काउंटीची गोष्ट आणि आपले बांध

अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? ठिबकचा संच, शेततळ्याचा खड्डा, फळबागेची कलमे, पेरणीयंत्र. वस्तू घ्यायची किंवा काम करायचे, साहेबांनी येऊन मोजमाप करायचे, बिल लावायचे आणि पैसे खात्यावर जमा झाले की विषय संपला. पण जमीन नांगरायची नाही, तिच्यावर नुसते गवत राखायचे आणि त्याबद्दल सरकारने दहा वर्षे दरसाल भाडे द्यायचे, असे कुणी पारावर सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू.

अमेरिकेत मात्र हे खरोखर घडले. १९८५ च्या शेती कायद्याने तिथे ही योजना सुरू झाली आणि पुढची चार दशके कोट्यवधी एकरांवर तिचे करार झाले. तिचे इंग्रजी नाव ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम’. आपण तिला ‘राखीव जमीन योजना’ म्हणू. ती जशीच्या तशी आपल्याकडे आणा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिथल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन २०२२ च्या गणनेप्रमाणे ४६३ एकर. आपल्या राज्यात २०१५-१६ च्या गणनेप्रमाणे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. सव्वातीन एकरवाल्याने जमीन पडीक ठेवली तर त्याने खायचे काय? पण ही योजना कशी बसवली, कुठे साधली आणि कुठे फसली, यात आपल्या शेतकऱ्याने, सरपंचाने आणि ग्रामसेवकाने घेण्यासारखे बरेच आहे.

ज्वारीचा मुलूख आणि काळी धूळ

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी, असे समजा. कोलोरॅडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात बाका नावाची काउंटी आहे. क्षेत्र सुमारे १६ लाख एकर आणि २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती जेमतेम साडेतीन हजार! पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. पिके कोणती? गहू आणि ज्वारी. ज्वारी मुख्यतः जनावरांसाठी, पण पीक तेच. म्हणजे हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

या माळावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गवत होते. आखूड, दाट, मुळांचे जाळे धरलेले. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला. पाठोपाठ ट्रॅक्टर आणि तव्यांचे नांगर आले. लोकांनी गवत उलथून गहू पेरला. चार वर्षे बरी गेली. मग भाव कोसळले आणि १९३१ पासून पाऊस रुसला. पीक नाही, गवत नाही, उघडी भुसभुशीत माती आणि सुसाट वारा. मातीचे ढग उठू लागले. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर असे वादळ आले की भर दिवसा हातचे दिसेना. अमेरिकेत तो दिवस आजही ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. बाका काउंटी या सगळ्याच्या ऐन मध्यावर होती. घरे, गोठे, कुंपणे धुळीत गाडली गेली. लोक चंबूगबाळे उचलून परागंदा झाले. सरकारने उजाड झालेली बरीच जमीन विकत घेऊन तिथे पुन्हा गवत लावले. त्यातले एक कुरण, कोमांचे राष्ट्रीय गवताळ क्षेत्र, आजही या काउंटीत आहे.

त्या वादळानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिल १९३५ रोजी, अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला. त्याने स्वतंत्र मृदसंधारण खाते उभे केले. त्याचे पहिले प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट. हे नाव आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या खात्याचे काम आपल्या शिवारापर्यंत पोचलेले आहे. जमिनीचे आठ वर्ग पाडायची पद्धत, म्हणजे पहिले चार वर्ग पिकाला योग्य आणि पुढचे चार कुरण, झाडोरा यांनाच योग्य, ही त्याच खात्याने बसवली. आपल्याकडे कृषी पदविकेच्या वर्गात हेच आठ वर्ग पाठ करून घेतात, आम्हीही केले. आपल्याकडेही त्या वेळच्या मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि शिवारात सलग बांधबंदिस्ती करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे दोन्हीकडचे दुखणे एकच. तिकडे माती वाऱ्याने जाते, आपल्याकडे मुख्यतः पाण्याने.

आधी एकदा हात पोळले होते

राखीव जमीन योजना एकदम १९८५ ला सुचली, असे नव्हे. १९५६ साली ‘सॉइल बँक’, म्हणजे जणू मातीची पेढी, नावाची योजना निघाली होती. धान्य फार पिकते, भाव पडतात, म्हणून जमीन पिकातून काढा आणि सरकारकडून भाडे घ्या, असा तो हिशेब. लोकांनी अख्खीच्या अख्खी शेते योजनेत घातली आणि गाव सोडून शहर गाठले. परिणाम काय झाला? बियाणेवाल्याचे, खतवाल्याचे, यंत्रे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान बसले. शेतकऱ्याला भाडे मिळाले, बाजारपेठ मात्र ओस पडली.

त्याहून वाईट पुढेच झाले. करार संपले. १९७२ साली रशियाने अमेरिकेकडून प्रचंड गहू घेतला, भाव कडाडले आणि सरकारच सांगू लागले की बांधापासून बांधापर्यंत पेरा. दहा-दहा वर्षे पैसे मोजून राखलेल्या गवतातून नांगर फिरले. माती पुन्हा उघडी. सरकारचा तेवढा खर्च आणि शेतकऱ्याची तेवढी वर्षे, दोन्ही गेली.

या अनुभवातून १९८५ च्या कायद्यात एक मेख मारली गेली. एका काउंटीतील लागवडीच्या जमिनीपैकी साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन योजनेत घ्यायची नाही. का, तर गावचा धंदा, मजुरी, दुकाने मोडता कामा नयेत. अनुदान देताना केवळ लाभार्थ्याचा नव्हे, तर गावाचा विचार करायचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

योजना चालते कशी?

सर्वसाधारण पद्धत अशी. ज्या जमिनीची धूप जास्त होते, जी जमीन खरोखर पिकाखाली होती, तीच पात्र. मागच्या सहा वर्षांपैकी चार वर्षे तरी तिच्यात पीक घेतलेले असले पाहिजे. म्हणजे मुळातच पडीक असलेला माळ दाखवून पैसे उचलता येत नाहीत. जमीन नावावर होऊन किमान एक वर्ष झालेले पाहिजे. आज घेतली आणि उद्या भाड्याला लावली, असे चालत नाही.

शेतकरी अर्ज करतो तेव्हा कोणती जमीन, किती एकर, कोणते गवत किंवा झाडे आणि एकरी किती भाडे घेऊन करायला तयार, हे सांगतो. त्या काउंटीत जमिनीचा खंड काय चालतो आणि मातीची प्रत काय, यावरून भाड्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. त्यापेक्षा कमी भाडे मागितले तर अर्जाला जास्त गुण. धूप किती थांबेल, ओढ्यानाल्याचे पाणी किती स्वच्छ राहील, पशुपक्ष्यांना आसरा किती मिळेल, गवत करारानंतरही टिकण्याचा संभव किती आणि सरकारला खर्च किती, अशा मुद्द्यांवर गुण पडतात. जास्त गुणवाल्याची जमीन आधी. म्हणजे सोडत नाही आणि ‘आधी येईल त्याला आधी’ असेही नाही. ज्या जमिनीला गरज जास्त, तिचा नंबर वर. ओढ्याकाठच्या पट्ट्यांसाठी आणि वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगांसाठी मात्र गुणांच्या स्पर्धेशिवाय वर्षभर अर्ज घेण्याचा वेगळा मार्ग ठेवला गेला.

निवड झाली की १० ते १५ वर्षांचा करार होतो. गवत लावायच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत वाटा सरकार देते. आणि भाडे दरवर्षी, ऑक्टोबरात. एका व्यक्तीला वर्षाला ५० हजार डॉलरची कमाल मर्यादा कायद्यात घातली होती.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शेतकऱ्याची ४०० एकर जमीन आहे. त्यातली १२० एकर उतारावरची, हलकी, वाऱ्याच्या तोंडची. ती त्याने एकरी ४० डॉलर भाड्याने योजनेत घातली. वर्षाला ४,८०० डॉलर झाले, दहा वर्षांत ४८ हजार. ही रक्कम त्याला श्रीमंत करणारी नाही. पण दुष्काळाच्या सालीही ती येते. बी, डिझेल, खत त्या १२० एकरांवर लागत नाही. आणि उरलेल्या चांगल्या २८० एकरांकडे त्याचे लक्ष नीट लागते. आपल्याकडचा शेतकरी म्हणतोच ना, की बरड जमिनीत घातलेले खत-बियाणे म्हणजे भोकाच्या हंड्यात पाणी. त्यातलाच हा प्रकार.

पडीक नव्हे, राखलेली!

आता कुणी म्हणेल, भाडे घेऊन नुसते बसायचे तर काय कष्ट? बाका काउंटीसारख्या कोरड्या भागात गवत उभे करणे हेच मोठे काम आहे. उघड्या रानात थेट गवताचे बारीक बी टाकले तर वाऱ्याबरोबर उडून जाते. म्हणून पहिल्या साली ज्वारीवर्गीय पीक पेरतात. त्याचा धसकट उभा ठेवतात. त्या धसकटाच्या आडोशाला पुढच्या हंगामात गवताचे बी यंत्राने पेरतात. ब्लू ग्रामा, साइडओट्स ग्रामा, बफेलो ग्रास ही तिथली मूळची गवते. ती धरायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर रशियन थिसल नावाचे काटेरी तण माजते, ते शेतकऱ्यानेच काबूत ठेवायचे. धसकटाची ही युक्ती आपल्या रब्बीच्या शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. काढणी झाली की धसकटे वेचून पेटवण्याऐवजी ती उभी राहिली, तर उन्हाळी वाऱ्यात आणि वळवाच्या पहिल्या सरीत मातीला तेवढाच आधार.

गवत वाढले म्हणून वाटेल तेव्हा कापायचे किंवा गुरे सोडायची, असेही चालत नाही. पक्ष्यांच्या अंडी-पिलांच्या हंगामात बंदी असते. या भागात लेसर प्रेअरी चिकन नावाचा माळावरचा पक्षी आहे. आपल्या माळढोकासारखी त्याचीही संख्या घटत गेली, कारण दोघांचे घर एकच, गवताळ माळ. मात्र मोठा दुष्काळ पडला की नियम सैल करून चराईला आणि गवत कापायला परवानगी दिली जाते. २०१२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली. म्हणजे राखलेले गवत ही अडचणीच्या सालची चाऱ्याची पेढीही ठरली. आपल्याकडे गावोगावच्या गायरानांचे काय झाले, हे मी सांगायला नको.

आणि करार मोडला तर? तोवर घेतलेले सगळे भाडे व्याजासह परत, वर दंड. ‘साहेब, अडचण आली होती’ एवढे म्हणून सुटका नाही.

दुसरी बाजू : माती घालवाल तर सवलत गमवाल

१९८५ च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे. ज्या जमिनीची धूप फार होते ती कसायची असेल, तर मृदसंधारणाचा मंजूर आराखडा पाळला पाहिजे. नाही पाळला तर केवळ त्या जमिनीचे नव्हे, शेतीच्या इतर सरकारी मदतीवरही पाणी सोडावे लागते. पीक विम्याच्या हप्त्यातील सरकारी वाटा १९९६ साली या अटीतून वगळला होता, तो २०१४ च्या कायद्याने पुन्हा आत घेतला. थोडक्यात, एका हाताने माती राखण्याला पैसे आणि दुसऱ्या हाताने माती घालवणाऱ्याला पैसे, असा उलटा कारभार होऊ नये, याची ही तजवीज.

याचा गुण आला का? अमेरिकेच्या सरकारी पाहणीनुसार लागवडीच्या जमिनीवरून होणारी वार्षिक धूप १९८२ साली सुमारे ३०० कोटी टन होती. २००७ पर्यंत ती सुमारे १७० कोटी टनांवर आली. यात राखीव जमिनीचा वाटा आहे, अटीचा आहे आणि कमी नांगरटीच्या पद्धतीचाही आहे. पण घट मोठी आहे, हे मान्य करावे लागेल.

भाव वाढला आणि गवत हरले

सगळे गोडच झाले, असे सांगितले तर ते खोटे होईल. २००७ साली या योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. हेक्टरमध्ये सांगायचे तर दीड कोटीला थोडे कमी. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचे निव्वळ पेरणीक्षेत्र १ कोटी ७० लाख हेक्टरांच्या आसपास आहे, यावरून व्याप्ती समजावी. पण मक्यापासून इथेनॉल करण्याच्या धोरणाने मक्याची मागणी वाढली. २००५ च्या सुमारास मका बुशेलला, म्हणजे साधारण २५ किलोला, दोन डॉलरच्या आसपास होता. २०१२ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तो आठ डॉलरच्या वर गेला. मग गवताचे भाडे घेऊन कोण बसणार? करार संपले तशी लाखो एकर जमीन पुन्हा नांगराखाली गेली. २०१४ च्या कायद्याने सरकारनेही योजनेची मर्यादा टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. २०१८ च्या कायद्याने ती पुन्हा वाढवून २ कोटी ७० लाख केली, पण भाड्याचा दर काउंटीच्या सरासरी खंडाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून टाकला.

स्थानिक तक्रारीही होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पहिली, भाडे जमीनमालकाला मिळते. खंडाने कसणाऱ्याच्या हिताला धक्का लावू नये असे कायदा म्हणतो, पण मालक शहरात आणि जमीन गवतात, अशी उदाहरणे झालीच. दुसरी, नव्याने शेती करू पाहणाऱ्या तरुणाला खंडाने जमीन हवी असते, तर त्याच्यासमोर खंडाची बोली लावायला साक्षात सरकार उभे! तिसरी, ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त. मर्यादा ५० हजार डॉलरची असली, तरी लहान शेतकऱ्याच्या पदरात त्या मानाने थोडेच पडते. म्हणजे अनुदानाचे पाणी तिकडेही उताराकडेच धावते.

लहान शेतकऱ्याचा प्रश्न : आधी पैसे कुठून आणायचे?

या तिसऱ्या तक्रारीवर १९९६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका योजनेत काही उपाय सापडतो. तिचे आखूड नाव ‘एक्विप’. यात जमीन पडीक ठेवायची नसते. कसत्या शेतावरच पाण्याच्या वाटा बांधणे, शेणखताची नीट साठवण, पाणी वाचवणारे सिंचन, कुरणाला कुंपण असली कामे करायची आणि खर्चाचा काही भाग, सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत, सरकारने द्यायचा. नव्याने शेतीत उतरलेले, अल्प साधनांचे आणि पूर्वी डावलले गेलेले शेतकरी यांच्यासाठी हा वाटा ९० टक्क्यांपर्यंत. शिवाय त्यांना निम्मी रक्कम आगाऊ मिळण्याचीही सोय कायद्यात आहे.

ही आगाऊ रकमेची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे अडते कुठे? अनुदानाचा टक्का कागदावर चांगला असतो. ठिबकचेच पाहा. केंद्राच्या योजनेत अनुदानाचा दर अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याने भर घालून तो ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेला. पण आधी संपूर्ण रक्कम घालायची आणि मग वाट पाहायची. दोन एकरवाला ती रक्कम सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या उधारीवर उभी करतो. अनुदान येईपर्यंत व्याजात त्यातला बराच भाग जातो. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे, त्यालाच अनुदान पचते, हे गावात कुणीही सांगेल. सोसायटीने किंवा बँकेने मंजुरीपत्रावर अल्प मुदतीचे कर्ज दिले, तर हा अडसर बराच दूर होईल. संचालक मंडळात बसणाऱ्या मंडळींनी यावर विचार करावा.

आपण काय घ्यायचे?

आता आपल्या बांधावर येऊ. माझ्या दृष्टीने चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, पैसे काम झाल्याचे की काम टिकल्याचे? अमेरिकेत भाडे दरसाल येते, कारण गवत दरसाल राखायचे असते. आपल्याकडे बांध मोजला, फोटो निघाला, बिल निघाले की बांधाला वाली उरत नाही. एका पावसाळ्यात उंदराच्या बिळातून किंवा खचलेल्या सांडव्यातून पाणी फुटते आणि चार शेतांचे बांध एकापाठोपाठ जातात. शेततळ्याचा हिशेब पाहा. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. तळाशी एक फूट गाळ साचला की पावणेदोनशे घनमीटर जागा गेली. एका एकराला पाच सेंटिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायला सुमारे २०० घनमीटर लागते. म्हणजे फूटभर गाळ काढला नाही तर जवळजवळ एका एकराचे एक पाणी आपणच बुजवले! तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा ठेवा. तो दर उन्हाळ्यात उपसा आणि गाळ हलक्या रानात पसरा.

दुसरी गोष्ट, निवड जमिनीची करा. कामाची जागा कोण भाऊबंद कुठे राहतो यावरून ठरू नये, उतारावरून आणि धुपीवरून ठरावी. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी सुमारे ५ टन माती जाते. डोळ्यांना दिसतही नाही. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, हे आपण सगळे ऐकून आहोत. पण ठराव करताना खालच्या नाल्यावरचा सिमेंट बंधारा आधी लिहिला जातो, कारण तो रस्त्यावरून दिसतो. वरचे समपातळी चर आणि बांध झाले नाहीत तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो. ग्रामसभेत यादी वाचली जाईल तेव्हा कामांचा हा क्रम विचारा.

तिसरी गोष्ट, गावाचा करार. अमेरिकेत काउंटी पातळीवर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. ३ ते ११ सभासद, मुदत तीन वर्षे. कार्यालयाचा कारभार तिच्या देखरेखीखाली चालतो. कुणाला किती अनुदान मिळाले, ही माहितीही तिथे उघड असते. आपल्याला हे काही नवीन नाही. १९९२ च्या आदर्शगाव योजनेत नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री होती. पैसे आधी नाहीत, गावाने आधी बंधन स्वीकारायचे, असा तिचा मतलब. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार उभे राहिले ते या बंधनांवर. केवळ अनुदानावर उभे राहायचे असते, तर महाराष्ट्रातले प्रत्येक गाव आज हिवरे बाजार असते.

चौथी गोष्ट, हलक्या जमिनीला हलके काम. सव्वातीन एकरातली सगळी जमीन सारखी नसते. त्यातली दहा-वीस गुंठे बरड, मुरमाड, दरवर्षी बियाणेही न परतणारी असते. ती गवताला आणि सीताफळ, बोर, आवळा अशा कोरडवाहू झाडांना द्या. बांधावर पवना, मारवेल यांसारखी गवते लावा. ती माती धरतात आणि दावणीलाही उपयोगी पडतात. इथे सरकारने भाडे दिले नाही तरी त्या तुकड्यात वाया जाणारे बियाणे, खत आणि मजुरी वाचते. ते आपले आपणच आपल्याला दिलेले भाडे.

मृगाच्या आधी एवढे कराच

पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी खालील कामे उरकून घ्यावीत.

१. बांधावरून एक फेरी मारा. बिळे, भेगा, खचलेले भाग माती-मुरूम घालून चोपून घ्या.

२. प्रत्येक बांधाचा सांडवा पाहा. तो दगडांनी बांधलेला असावा. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या पिकात नव्हे, ठरलेल्या वाटेने नाल्यात जावे. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते ती बहुधा या सांडव्यापायीच. पाऊस येण्यापूर्वी दोघांनी मिळून जागा ठरवा.

३. पेरणी आणि कोळपणी उताराला आडवी करा. याला कुणाच्या अनुदानाची, मंजुरीची गरज नाही. तिफण वळवायची तेवढी तयारी लागते.

४. योजनेसाठी अर्ज करायचा असेल तर आधी सातबारा आणि आठ-अ पाहून घ्या. नाव, क्षेत्र, वारसनोंद, सामाईक खातेदारांची संमती यात खोट असेल तर प्रकरण तिथेच अडकते. तलाठ्याकडची नोंद आधार आणि बँक खात्यावरच्या नावाशी जुळते ना, हे तपासा.

५. ग्रामपंचायतीने गावातल्या मागील मृद व जलसंधारणाच्या कामांची एक वही ठेवावी. कोणत्या गटात काय काम, कोणत्या साली, आज कोणत्या अवस्थेत. ही वही दर साल मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचावी. नव्या कामाचा ठराव करण्याआधी जुन्याच्या दुरुस्तीचा ठराव झाला पाहिजे.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींना एक विनंती. बाका काउंटीत १९३५ साली जे उडून गेले, ते परत आणायला सरकारला जमीन विकत घ्यावी लागली, पुढे पिढ्यान् पिढ्या भाडे मोजावे लागले. आपल्या राज्याकडे तेवढी जमीनही नाही आणि तेवढा पैसाही नाही. आपल्याला माती जाण्याआधीच राखणे भाग आहे. अनुदान येईल, जाईल, योजनेचे नाव बदलेल. बांधाची दुरुस्ती मात्र दर साल मृगाच्या आधीच करावी लागेल, आणि ती ज्याचे शेत त्यालाच करावी लागेल. ज्यांच्या शेतात किंवा गावात जुन्या बांधांची दुरुस्ती वर्षानुवर्षे नीट चालू आहे, त्यांनी आपल्या मंडळाच्या कृषी कार्यालयात जरूर कळवावे. शेजारच्या गावांना दाखवण्यासाठी तसली शिवारे हवीच आहेत.